काय म्हणते गाडी?

चौदा वर्षं आम्ही दोघं एकाच ट्रकमध्ये राहिलो. त्यातली निम्मी वर्षं तो झोपलेला होता आणि निम्मी मी. म्हणजे ज्या माणसाला मी जगात सगळ्यांत जास्त ओळखतो असं म्हणतो, त्याला जागा असलेला मी फारसा पाहिलेलाच नाही. चहाला, जेवायला, टायर बदलायला आणि जकात नाक्याच्या रांगेत जेवढा दिसला तेवढाच. बाकी वेळ तो मागच्या फळीवर, तोंडावर टॉवेल टाकून, आणि मी स्टेअरिंगवर. नाहीतर मी फळीवर आणि तो पुढे.

लांबच्या मालाला तेव्हा दोन ड्रायव्हर असत. आमचा माल साकीनाक्याचा. तिथल्या छोट्या कारखान्यांतले पंप, मोटारी, लोखंडी सुटे भाग भरायचे आणि इंदूरला न्यायचे. घाटकोपरला आग्रा रोड धरायचा. त्या रस्त्याला आता दुसरं नाव आहे, पण आमच्या तोंडात ते कधी बसलं नाही. मुलुंडच्या नाक्यावर तास-दोन तास खोळंबायचं, मग कसारा चढून नाशिक, मालेगाव, धुळे. एकाने चालवायचं, दुसऱ्याने झोपायचं. एक झोपला की दुसऱ्याने जागं राहायचं, एवढाच आमच्यातला करार. तो कुठे लिहिलेला नव्हता आणि लिहायची कधी गरजही वाटली नाही.

गाडी नाकाची होती. आता हेही समजावून सांगावं लागतं. इंजिन केबिनच्या पुढे, लांब बॉनेटखाली, म्हणून नाकाची. केबिन सुताराने बनवलेली, दारं लाकडाची, पावसाळ्यात फुगली की खांदा मारून उघडायची. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे, मध्ये हलकी रेस द्यावी लागे. चुकलं की गिअरबॉक्स अशी किंचाळायची की रस्त्याने चालणारी माणसं वळून बघत. पॉवर स्टेअरिंग वगैरे काही नाही. घाटात एक वळण घेतलं की खांद्यापर्यंत हात भरून येत. थंडीच्या दिवसांत सकाळी पुढे उभं राहून हँडल मारायचं, आणि ते उलटं फिरलं तर मनगट गेलंच समजा.

परवा अंधेरीत एका हॉटेलासमोर अशीच एक गाडी उभी करून ठेवलेली पाहिली. भडक रंग दिलाय, बॉनेटवर दिव्यांच्या माळा, आणि पोरंपोरी नाकाला टेकून फोटो काढतायत. टायरमध्ये हवा नव्हती. मी वॉचमनला म्हटलं, निदान हवा तरी भरा. तो म्हणाला, काका, ही चालवायची नाहीये. माझं डोकंच फिरलं, पण त्याच्यावर चिडून काय करणार. मी तसाच बसस्टॉपवर गेलो.

माझा जोडीदार वाकोल्याचा, तिथल्या जुन्या गावठाणातल्या ख्रिस्ती घरातला. घरी मराठीच बोलणार, नाताळात माझ्याकडे डबा भरून फराळ पाठवणार. मी जालन्याकडचा. तो मला पहिल्या दिवसापासून 'गाववाले' म्हणायचा. खरं तर दारात विहीर आणि अंगणात कोंबड्या त्याच्याच होत्या. मी बिचारा पत्र्याच्या खोलीत राहत होतो. पण एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही. काचेच्या वर त्याचा छोटा क्रूस आणि माझी निळी फीत शेजारी शेजारी बांधलेली असायची. वळणावर दोन्ही एकाच बाजूला झुलायची.

पाळी बदलताना आमची एक पद्धत होती, आणि ती मोडायची नाही असं तोच सांगायचा. फळीवरून उठलेला माणूस खाली उतरला की आधी तोंड धुणार नाही, चहा पिणार नाही. आधी विचारणार, "काय म्हणते गाडी?" मग चालवणाऱ्याने जे असेल ते सांगायचं. ब्रेक जरा उशिरा धरतोय, डावं मागचं टायर गरम होतंय, तिसरा गिअर निसटतोय. तिथे थापा मारायच्या नाहीत. कारण पुढचा माणूस त्याच माहितीवर गाडी हाकणार, आणि तू पाठीमागे त्याच्या भरवशावर झोपणार. बाहेर आम्ही दोघांनी पुष्कळ थापा मारल्या, मालकाला, नाकेवाल्याला, बायकांनाही. पण त्या प्रश्नाला, ती गाडी चालत होती तोवर, कधी नाही.

दुसरी सवय आपोआप लागली. चालवणारा झोपलेल्याशी बोलायचा. मोठ्याने, एकटाच. जागं राहायला काहीतरी हवंच असतं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगी मला आवडली, हे मी त्याला तो घोरत असताना सांगितलं. त्याचा बाप गेला त्याचं रडणं त्याने मी झोपेत असताना उरकलं असणार, कारण माझ्यासमोर तो कधी रडला नाही. आमची सगळी महत्त्वाची बोलणी अशी एकतर्फीच झाली.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

उन्हाळा होता. मालेगाव सोडून आम्ही धुळ्याकडे चाललो होतो. दुपारचं जेवण झालेलं, पाळी माझी, तो मागे झोपलेला. सकाळी निघायच्या आधी गाडीखाली शिरून सगळं तपासायचं काम त्याचं होतं. चाकं वळवणारा जो आडवा दांडा असतो, टायरॉड, त्याचे नट त्याने आवळले होते. नटाला पिन घालून तिची दोन टोकं तो नेहमी उलटसुलट वाकवायचा आणि वर हातोडीने एक टोला द्यायचा. ती त्याची सहीच होती. मी मात्र त्या सकाळी ढाब्यावरच्या बाजेवर पडायचं सोडून मुलीसाठी बाजारात फ्रॉक शोधत फिरलो. मुलगी आठ महिन्यांची होती. झोप घ्यायच्या वेळी मी झोप घेतली नाही.

आणि दुपारी स्टेअरिंगवर घेतली. किती वेळ, ते मला माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा समोर कडुलिंब होता आणि गाडीचं नाक त्यात घुसलेलं होतं. त्या लांब नाकानेच मला वाचवलं. आजची सपाट तोंडाची गाडी असती तर माझे पाय गेले असते. मला खरचटलंसुद्धा नाही. तो फळीवरून उडून लाकडी दारावर आपटला. उजवा खांदा निखळला आणि मोडलाही.

समोरून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने त्याला उचलून मालेगावच्या दवाखान्यात नेलं. मी मालापाशी थांबलो. एकाने मालापाशी थांबायचंच, हाही नियम होता. तासभर मी त्या झाडाखाली एकटा बसलो. मालक काढून टाकणार, पोलीस केस होणार, लायसन्स जाणार, घरी आठ महिन्यांची पोर. मग मी उठलो, टूलबॉक्स उघडला आणि गाडीखाली शिरलो. नट जागेवर होता. पिन होती, टोकं उलटसुलट वाकवलेली. मी ती टोकं सरळ केली, पिन ओढून काढली, नट सोडवला आणि दोन्ही शेजारच्या शेतात फेकून दिले. एक कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांत पडल्याचा आवाज आला, दुसऱ्याचा आला नाही.

संध्याकाळी मालावर एक माणूस बसवून दवाखान्यात गेलो तेव्हा त्याला नुकतीच शुद्ध आली होती. खांदा बांधलेला, ओठ सुकलेले. मला पाहून त्याने तोच प्रश्न विचारला. हळूच, पण तसाच. "काय म्हणते गाडी?"

मी म्हणालो, "स्टेअरिंग गेलं. नट सुटला."

तो म्हणाला, "मीच आवळला होता ना रे सकाळी."

मालकाच्या मेकॅनिकने येऊन पाहिलं, नट नव्हता. माझी गोष्ट जुळली. गाडी भंगारात गेली. कुर्ल्याला तिचे तुकडे झाले असं ऐकलं, मी बघायला गेलो नाही. त्याचा हात खांद्याच्या वर पुन्हा कधी गेला नाही. जड स्टेअरिंग फिरवणं संपलं. तो सांताक्रूझला एका गेटवर वॉचमन झाला आणि रिटायर होईपर्यंत खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या गाड्या आतबाहेर सोडत राहिला. त्याची बायको सुरुवातीला रोज त्याला शर्ट घालून द्यायची, आणि घालताना बोलायची. एक नट नीट आवळता आला नाही तुला, हे तिचं ठरलेलं वाक्य. वाईट बाई नव्हती, घर तिनेच ओढलं. पण ते वाक्य तिने शेवटपर्यंत सोडलं नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली.

मी पुढे पंचवीस वर्षं गाड्या चालवल्या. नव्या गाड्या आल्या, हलक्या स्टेअरिंगच्या, पुढे पुढे तर थंडगार केबिनच्या. जोडीदार मी घेतला नाही. एकट्याने होतील तेवढ्याच फेऱ्या करायचो. लोकांना वाटायचं, माणूस घमेंडी आहे. नाताळात मी वाकोल्याला जायचो. दर नाताळात तो केव्हातरी विषय काढायचाच, की तो नट मी आवळला होता, मला अजून आठवतं, पिनसुद्धा घातली होती, मग सुटला कसा. मी म्हणायचो, जाऊ दे रे, जुनी गाडी होती. एवढं बोलून मी त्याच्याच बायकोच्या हातची करंजी खायचो. मी भित्रा होतो, दुसरा शब्द नाही.

माझी बायको गेल्यावर मी चारकोपच्या खोलीत एकटाच राहतो. मुलगी पुण्याला असते, रविवारी फोनवर तोंड दाखवते. झोप माझी कधीच धड नव्हती. आयुष्यभर हलणाऱ्या फळीवर झोपलेल्या माणसाला स्थिर पलंग मानवत नाही. दुपारी सोसायटीच्या बाकावर बसतो. तिथे शेअर बाजार आणि गुडघे यांच्यावर बोलणारी माणसं आहेत. मी सहा चाकांच्या गाडीबद्दल बोलायला लागलो की त्यांना घरची कामं आठवतात.

मागच्या महिन्यात त्याच्या सुनेचा फोन आला. मला ती अंकल म्हणते. म्हणाली, पप्पा झोपतच नाहीत. डॉक्टरच्या गोळ्या चालल्या नाहीत. सोळा-सतराचा पाना हातात घेऊन घरभर फिरतात, पलंगाचे नट आवळतात, पंख्याखाली स्टूल घेऊन चढायला जातात, गॅसच्या शेगडीलाही हात घालतात. परवा डॉक्टरकडे नेताना रिक्षात मात्र गाढ झोपले, उतरायला तयार नव्हते. मग तिने विचारलं, "अंकल, तो कसला नट? खरंच सैल राहिला होता का त्यांच्याकडून?"

मी म्हटलं, रविवारी येतो. एवढंच सुचलं मला. पण रिक्षाचं ऐकल्यावर त्याचं दुखणं मला कळलं होतं. निदान अर्धं तरी. उरलेलं अर्धं मीच दिलेलं होतं.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक फर्निचरवाला आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी त्याचा माल पोचवायचो. त्याचा छोटा टेम्पो मागितला. तो म्हणाला, काका, या वयात? मी म्हटलं, लायसन्स चालू आहे, मोतीबिंदू काढून झालाय, तुझ्यापेक्षा बरं दिसतं मला. त्याने किल्ली दिली.

रविवारी सकाळी वाकोल्याला पोचलो. मुलगा आणि सून चर्चमध्ये मिस्साला निघत होते. जोडीदार दारातच उभा होता, वाळून अर्धा झालेला, खिशातून पाना बाहेर डोकावत होता. मी म्हटलं, चल, एक फेरी मारून येऊ. त्याने आधी टेम्पोच्या चारी बाजूंनी चक्कर मारली, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकून बघितलं, मगच चढला.

हायवेला लागलो. रविवार असल्यामुळे रस्ता मोकळा होता. विलेपार्ल्याच्या आधीच त्याची मान कलली. अंधेरीला तो घोरत होता, तोच आवाज, मधे एकदा अडकून पुन्हा सुरू होणारा. मी गाडी एकाच वेगात ठेवली. ब्रेक लावायचा नाही, धक्का द्यायचा नाही. मेट्रोचे खांब मागे जात राहिले आणि मी बोलायला लागलो. बायको शेवटी काय म्हणाली ते सांगितलं. मुलीकडे दोन दिवसांच्या वर राहवत नाही ते सांगितलं. बोरिवली मागे पडली, आणि मग मी ते सांगितलं. फ्रॉक, कडुलिंब, पिन, कापसाचं शेत. एकही गोष्ट वगळली नाही. झोपलेल्याला सांगणं सोपं असतं, ते मला माहीतच होतं. दहिसरला वळून परत निघालो तेव्हा वाटलं, चला, सांगून झालं. माझ्यासारख्या माणसाला एवढी पळवाट पुरते.

गोरेगावला पुढे कसलं तरी काम चालू होतं. गाड्या तुंबल्या आणि टेम्पो थांबला. थांबल्याबरोबर त्याने डोळे उघडले. क्षणभर त्याला कुठे आहोत ते कळलं नसावं. तोंडावरून हात फिरवून त्याने विचारलं, "काय म्हणते गाडी?"

ह्या प्रश्नाला मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो होतो. दुसऱ्यांदा बोलवेना.

"गाडी चांगली आहे," मी म्हणालो. "तेव्हाही चांगलीच होती. मी झोपलो होतो रे."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "आणि नट?"

"तू आवळलेला तसाच होता. पिनसकट. तुला दवाखान्यात नेल्यावर मी काढला."

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी पहिला गिअर टाकला. जोगेश्वरी गेली, अंधेरी गेली, तो समोर बघत होता. उजवा हात मांडीवर होता, तो त्याने दुसऱ्या हाताने जरा वर उचलून पाहिला, जिथपर्यंत जातो तिथपर्यंत, आणि पुन्हा खाली ठेवला. शिवी घालेल, ओरडेल, निदान रडेल तरी, असं मला वाटत होतं. मला ते हवंही होतं. वाकोल्याचा पूल उतरलो तेव्हा तो बोलला.

"तिला सांगायला पाहिजे होतंस."

तिला म्हणजे कुणाला, हे विचारावं लागलं नाही.

"माझं सोड," तो म्हणाला. "ती होती तोवर सांगायला पाहिजे होतंस."

दारापाशी गाडी थांबली. त्याने खिशातून पाना काढला, समोरच्या काचेखाली ठेवला आणि मी हात द्यायच्या आत स्वतःच उतरला. दार त्याने नीट लावलं, दोनदा ओढून बघितलं. आत जाताना मागे वळला नाही.

बुधवारी सुनेचा फोन आला. आवाजच वेगळा होता तिचा. म्हणाली, पप्पा रविवारी दुपारी जेवून जे झोपले ते संध्याकाळी चहालाच उठले. तेव्हापासून रोज झोपतात. पलंग नाही, पंखा नाही, कशाला हात लावत नाहीत. काय जादू केलीत तुम्ही? मी म्हटलं, जादू नाही गं. तू मला नटाचं विचारलं होतंस ना, तर तो सैल नव्हता. पप्पांनी तो नीटच आवळला होता. चूक माझी होती, आणि हे सगळ्यांना सांगितलं तरी चालेल. ती जरा चाचरत म्हणाली, अंकल, राग मानू नका, पण पप्पांनी तुम्हाला सांगायला सांगितलंय की यापुढे येऊ नका. नाताळातही नको म्हणतात.

मी बरं म्हटलं. राग कसला मानणार. तिला तब्येतीची काळजी घे असं काहीतरी सांगून फोन ठेवला.

टेम्पो रविवारीच परत केला होता. पाना मात्र माझ्याकडे राहिला. खिडकीत ठेवलाय, दाढीच्या सामानाशेजारी. परत करायला जायची सोय राहिली नाही. पलंगावर पडून राहतो. मुलगी म्हणते, बाबा, डॉक्टरला दाखवा, गोळी घ्या. मी हो म्हणतो आणि घेत नाही. तिकडे वाकोल्याला तो झोपलाय, म्हणजे इकडे मी जागं राहायला हवं. करार तोच आहे. फक्त आता पाळी बदलायला तो उठणार नाही, आणि गाडी काय म्हणते ते मला कुणी विचारणार नाही.